सेटिंगची फाईल

त्या प्रोग्रामला मी जितक्या शिव्या दिल्या तितक्या आयुष्यात कुणाला दिल्या नसतील, आणि शिव्या देण्यासारखी माणसं काही कमी भेटली नाहीत मला. माझा आवाज आधीच चढा. त्यात प्रेसमध्ये ट्रेडल मशीनच्या खडखडाटावर बोलायची सवय लागलेली. मी कॉम्प्युटरवर ओरडले की बाहेर उभा असलेला रिक्षावाला आत डोकावून बघायचा, कुणाचं भांडण लागलं म्हणून.

शहाण्णव-सत्त्याण्णवची गोष्ट असेल. धुळ्यात आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत आमचं प्रेस होतं. आमचं म्हणजे शेठचं. पण मी तिथे दिवसाचे नऊ तास काढायचे, तेव्हा आमचंच म्हणते. शेठ मारवाडी, वडिलांपासूनचा धंदा. लग्नपत्रिका हे मुख्य काम, बाकी हँडबिलं, बिलबुकं, गंधमुक्तीची, म्हणजे दहाव्या-तेराव्याची, कार्डं. मी माहेरची फैजपूरची, लग्न होऊन धुळ्याला आलेली. सहा महिन्यांचा डीटीपीचा कोर्स केला होता, तेवढ्या बळावर शेठनी मला ठेवून घेतलं. आणि ज्या वर्षी मला ठेवलं त्याच वर्षी त्यांनी शिशाचे सगळे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, वजनावर विकून टाकले आणि त्या जागी कॉम्प्युटर आणला. एकच.

खिळे गेले, पण खिळे जुळवणारे आबा राहिले. आबा आमचे कंपोझिटर, पिंपळनेरकडचे, वय अठ्ठावन्न. चाळीस वर्षं त्या उतरत्या लाकडी केससमोर उभं राहून त्यांनी अख्ख्या जिल्ह्याची लग्नं जुळवली होती, म्हणजे पत्रिकेपुरती. केसमध्ये शंभराच्या वर खण, प्रत्येक खणात एक अक्षर. आबा मजकुराकडे बघायचे, केसकडे नाही. हात आपला आपण खणात जायचा आणि खिळा घेऊन यायचा. शेठ म्हणाले, आबांना काढायचं नाही, त्यांना कॉम्प्युटर शिकवा. सांगायला काय जातंय! शिकवायचं कुणी? मी.

कोर्समध्ये आम्हाला टाईपरायटरची मांडणी शिकवली होती, म्हणजे कुठल्या बटणावर कुठलं अक्षर ते. ती आबांना काही केल्या येईना. दोन महिने झाले तरी एक ओळ टाईप करायला अर्धा तास. वर माझ्यावरच अहिराणीत वैतागायचे. "क आठे कसा? क तं मधला खणमा ऱ्हास!" मी म्हणायचे, आबा, इथे खण नाहीत, बटणं आहेत. ते मान हलवायचे आणि पुन्हा क शोधायला मधलं बटण दाबायचे. शेवटी माझंच डोकं फिरलं. त्या प्रोग्राममध्ये एक सोय होती, कुठलंही अक्षर कुठल्याही बटणावर नेऊन बसवता यायचं. एक अख्खा रविवार घालवून, तोंडाने बडबडत, मी आबांना त्यांच्या केससारखी मांडणी करून दिली. क, र, त, न, काना हे हाताशी मध्ये. ज्ञ, ठ, क्ष लांब कोपऱ्यात. एक बटण दाबलं की त्यांची मांडणी, दुसरं दाबलं की माझी. त्यानंतर मात्र आबा चालायला लागले. आठ महिन्यांत एका सकाळी एक पत्रिका काढण्याइतका वेग आला. नऊ ते एक मशीन त्यांचं, एकनंतर माझं, असं आमचं ठरलं. शेठ गिऱ्हाइकांना बोलावून दाखवायचे, हे बघा आमचे आबा. आबा तेव्हा सदऱ्याची वरची गुंडी लावून बसायचे.

आणि मग तो प्रोग्राम बिघडला.

लग्नसराई तोंडावर. बाकावर पारोळ्याची पार्टी बसलेली, हातात भाऊबंदांच्या नावांची यादी, चौसष्ट नावं, वयाच्या मानाने क्रमवार. एक नाव वरचं खाली झालं की लग्नात रुसवा. मी प्रोग्राम उघडला तर पान कमरेच्या पट्ट्याएवढं लांबुळकं. डावीकडची हत्यारांची पेटी पडद्याबाहेर पळालेली, तिचा फक्त एक कोपरा दिसत होता. अक्षर टाईप करावं तर दिसेना. छापून बघितलं तर सगळा मजकूर कागदाच्या एका कोपऱ्यात गोळा झालेला. मग एक चौकट आली, तिच्यात इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं आणि खाली एकच बटण, ओके. ओके नाही असं म्हणायची सोयच नव्हती. मी बंद केला, चालू केला, पुन्हा बंद केला. मशीनला थोपटलं, मग जरा जोरात थोपटलं. पारोळ्याचे आजोबा म्हणाले, "बाई, त्याला मारू नका, लागलं तर आम्ही उद्या येतो."

शेठच्या फोनवरून जळगावला एसटीडी लावला. जिथून मशीन घेतलं होतं तिथला इंजिनियर फोनवर आला. मी पाच मिनिटं रडगाणं गायलं. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, सेटिंगची फाईल उडवा."

"उडवू? आणि मग?"

"मग काही नाही. प्रोग्राम चालू केला की तो स्वतःच कोरी फाईल करतो. तुमच्या जुन्या फाईलमध्ये कचरा झालाय."

"माझं काम नाही ना जाणार?"

"काम वेगळं, सेटिंग वेगळं. काही जात नाही."

त्याने नाव सांगितलं ती फाईल मी शोधली आणि उडवली. प्रोग्राम उघडला. काय सांगू! पान पानासारखं, पेटी जागेवर, अक्षरं ठसठशीत. नवीन आणला होता त्या दिवशी जसा होता तसा. मी खुर्चीतून ओरडले, "शेठ, झालं!" चौसष्ट नावं एका बैठकीत मारली. दिवेलागणीला शेठ नेहमीप्रमाणे धूप घेऊन आले. त्यांच्याकडे वडिलांच्या काळापासूनचा नियम होता, चालत्या मशीनला धूप दाखवायचा नाही. आधी सगळी यंत्रं थांबवायची, मेन स्विच खाली ओढायचा, मग अंधारात नुसत्या दिव्याच्या उजेडात धूप सगळीकडे फिरवायचा. माझी खुर्ची बोर्डाच्या शेजारी, म्हणून स्विच ओढायचं काम माझं. त्या दिवशी मी मोठ्या खुशीत तो ओढला आणि त्याला हात लावून नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा बसले. गुंडी लावली, मजकूर शेजारी ठेवला, टाईप करायला लागले. ओळ पूर्ण झाल्यावर त्यांनी पडद्याकडे बघितलं. अर्थ लागेल असं एक अक्षर नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा तीच ओळ टाईप केली. पुन्हा तेच.

"बठ्ठं गयं, पोरी," ते म्हणाले.

सगळंच गेलं होतं. त्यांची मांडणी त्या फाईलमध्येच होती! काही जात नाही म्हणे. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. इंजिनियरवर, स्वतःवर, आणि खरं सांगायचं तर आबांवरसुद्धा, की यांना साधा सगळ्यांसारखा कीबोर्ड का येऊ नये. ती मांडणी मी कुठे लिहून ठेवली नव्हती. म्हटलं, ठीक आहे, आबांना तर माहीत आहे.

"सांगा आबा, ग कुठल्या बटणावर होता?"

आबा बोटांकडे बघत राहिले. "माले नही समजत. मना हातले समजस."

कपाळाला हात लावला मी. चाळीस वर्षं ज्या माणसाने ग उचलला त्याला ग कुठे ते सांगता येईना. मग मी टेबलावर कोरा कागद पसरला, त्यावर केसएवढी चौकट आखली आणि आबांना समोर उभं केलं. म्हटलं, समजा हीच केस. जुळवा. "आमचे येथे श्रीकृपेकरून." आबांनी डावा हात खिळे लावायची पट्टी धरल्यासारखा वर घेतला आणि उजव्या हाताने जुळवायला सुरुवात केली. बोट जिथे टेकेल तिथे मी पेन्सिलने अक्षर लिहायचे. मधूनच अडवलं की हात हरवायचा, पुन्हा ओळीच्या सुरुवातीपासून निघावं लागायचं. "आबा, हळू! अहो हळू की जरा!" मी अख्खी दुपार ओरडत होते. माझ्या पत्रिका पडून, गिऱ्हाईक बाकावर, आणि आम्ही दोघं कोऱ्या कागदावर नसलेले खिळे वेचतोय. संध्याकाळी नकाशा पूर्ण झाला. त्याप्रमाणे सगळी अक्षरं पुन्हा बटणांवर बसवली, नकाशा भिंतीला चिकटवला आणि तोंडातून हुश्श झालं.

आठ दिवसांनी पान पुन्हा लांबुळकं.

पुन्हा फाईल उडव, पुन्हा नकाशा बघून एक-एक अक्षर बसव. तास-दीड तासाचं काम, आणि तेवढा वेळ माझी टकळी चालू. आबा शेजारी स्टुलावर बसून असायचे, चहा आणून ठेवायचे. या वेळी मी शहाणपणा केला. चार दिवसांनी सकाळी सकाळी, प्रोग्राम उघडायच्या आधीच, ती फाईल फ्लॉपीवर उतरवून ठेवली. म्हटलं, आता बिघड रे बाबा, किती बिघडतोस ते बघते. त्याच दिवशी तो बिघडला. मी ऐटीत फ्लॉपीवरची फाईल परत टाकली, आणि टाकल्या टाकल्या तोच तमाशा! पेटी पळाली, अक्षरं गेली, ओकेची चौकट आली. ती फाईल काढली की सगळं छान. टाकली की बोंब.

आता मला गुन्हेगार सापडला होता. जळगावला फोन केला, तर इंजिनियरही म्हणाला, "तुमची ती स्पेशल मांडणी आहे ना, तिचाच लोड येत असेल. असल्या गोष्टींनी होतं." झालं. मी फोन ठेवला आणि तिथूनच शेठना म्हणाले, "आबांच्या मांडणीनेच होतंय हे सगळं. एक तर मशीन चालेल, नाहीतर ती मांडणी. दोन्ही नाही चालणार. मी हात टेकले." आबा चार हातांवर बसले होते. माझा आवाज तर तुम्हाला सांगितलाच.

शेठ वाईट माणूस नव्हते. पण लग्नसराई होती. त्यांनी आबांना बाजूला घेतलं, म्हणाले, सध्या प्रुफं बघा, पत्रिकांच्या घड्या घाला, सीझन गेल्यावर बघू. आबांनी मान हलवली. माझ्या समोरच्या टेबलावर, भिंतीकडे पाठ करून, ते घड्या घालायला बसले. चाळीस वर्षांचा कंपोझिटर गुलाबी पाकिटात पत्रिका सारत होता. ती सदऱ्याची गुंडी आता ते लावत नसत. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण मशीन नीट चाललं होतं आणि मला अख्खा दिवस मिळत होता, हेही वाटलं. लपवून काय करू.

बारा दिवस सुखात गेले. तेराव्या दिवशी मी प्रोग्राम उघडला तर पान लांबुळकं, पेटी पडद्याबाहेर.

आबांची मांडणी त्यात नव्हती. एकही अक्षर नव्हतं. मी हात मांडीवर ठेवून बसले. उठून शेठना सांगायला हवं होतं की मी चुकले, आबांना परत बसवा. त्याऐवजी मी काय केलं? या वेळी ओरडले नाही. गुपचूप, एरवी कधी नसते इतकी गुपचूप, ती फाईल उडवली आणि कामाला लागले. पुढच्या आठवड्यात पुन्हा झालं, पुन्हा तसंच केलं. आपण चुकलो होतो हे मोठ्याने सांगायला माझा एवढा मोठा आवाज पुरला नाही.

मग प्रिंटर अडकला म्हणून जळगावचा इंजिनियर स्वतः आला. एसटीने यायला त्याला दुपार झाली, काम संपता संपता दिवेलागण झाली. मी पत्रिकेचं पान जुळवत होते, प्रोग्राम उघडाच होता. शेठ धूप घेऊन आत आले. मी झालं तेवढं काम सेव्ह केलं, रोजच्यासारखी उठले आणि स्विचकडे हात नेला.

"अहो! अहो, काय करताय?" इंजिनियर ओरडला. पण तोवर मी स्विच ओढला होता. अंधारात नुसता दिवा आणि धुपाचा वास. त्या अंधारातच तो म्हणाला, "प्रोग्राम बंद न करता मेन घालवता? रोज?"

"रोज नाही," मी म्हणाले. "काम उरलं असेल तेव्हा."

"मॅडम, बंद होताना तो सेटिंगची फाईल लिहितो. त्याला बंदच होऊ दिलं नाही तर ती अर्धवट राहते. दहा वेळा निभावतं, अकराव्या वेळी सडते. तुम्ही फ्लॉपीवर घेतली ना, ती सडलेलीच घेतली असणार. मांडणीचा काही संबंध नाही."

शेठ धूप हातात घेऊन उभे. म्हणाले, "पण ट्रेडलला तर कधी काही झालं नाही." आबा समोरच्या टेबलाशी होते; अंधारात त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता आणि तेच बरं होतं. दिवे लागायच्या आत मी पिशवी उचलली आणि निघाले.

रात्रभर नीट झोप लागली नाही. सकाळी आठलाच प्रेस उघडायला लावलं. भिंतीवरचा नकाशा काढून घेतला आणि सगळी अक्षरं एक-एक करून आबांच्या बटणांवर बसवली. पहिल्यांदाच तोंड मिटून. नऊला आबा आले. मी खुर्चीतून उठले.

"आबा, चूक माझी होती. मीच त्याचा गळा दाबत होते आणि तुमच्या नावाने बोंबलले. तुम्ही मशीनवरून उठल्यावरसुद्धा ते दोनदा बिघडलं. मी कुणाला सांगितलं नाही. या, बसा. तुमची मांडणी टाकून ठेवलीय."

आबा पुढे आले. मग बसले. मी पहिलं कार्ड त्यांच्या शेजारी ठेवलं. त्यांनी बोटं बटणांवर ठेवली, टाईप केलं. पडद्यावर वेडंवाकडं काहीतरी उमटलं. मला वाटलं माझं एखादं अक्षर चुकलं. नकाशाशी ताडून बघितलं. सगळं बरोबर होतं.

आबांनी उठून घड्यांच्या टेबलाच्या खणातून एक पुठ्ठा आणला. पत्रिकांच्या खोक्याचा पुठ्ठा. त्यावर निळ्या शाईने चौकटी काढलेल्या, प्रत्येक चौकटीत एक अक्षर. ती माझी मांडणी होती, टाईपरायटरची. बोटांच्या घासण्याने मधली अक्षरं पुसट झाली होती. पत्रिकांच्या घड्या घालता घालता महिनाभर ते पुठ्ठ्यावर सराव करत होते आणि मला समोर बसून दिसलं नव्हतं.

एरवी माझ्याशी अहिराणीत बोलणारे आबा गिऱ्हाइकाशी बोलावं तसं शुद्ध मराठीत बोलले. "तू फाईल उडवलीस ते मला माहीत आहे. मी समोरच होतो. मशीन काय, बिघडणारच. म्हटलं तुझी मांडणी शिकून घ्यावी. म्हणजे दर वेळी तास-दीड तास माझ्यासाठी बसायला नको, आणि ओरडायला नको."

मी वाकले आणि नुकतीच, तासभर खपून भरलेली ती सेटिंगची फाईल उडवून टाकली. सगळं चांगलं चालत असताना उडवलेली ती एकटीच. प्रोग्राम कोरा होऊन उघडला. आबा पुन्हा बसले. एका बोटाने, शोधत शोधत, "आमचे" टाईप केलं. मग "येथे". मी मागे उभी होते. "श्री" टाईप करताना चुकीचं बटण दाबलं गेलं आणि पडद्यावर भलतंच काही आलं.

आबांनी दोन्ही हात बटणांवरून उचलले आणि थांबले. का थांबले ते मला आधी कळेना. मग दिसलं, त्यांनी खांदे आक्रसून घेतले होते, आणि ते माझ्या ओरडण्याची वाट बघत होते.